पात्यावरचा ड्रॅगन मूळचा की मागाहून कोरलेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानमध्ये नोकरीला असताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तुम्ही वाकिझाशी, म्हणजे मधल्या लांबीची जपानी तलवार, पाहिली आणि तिचे फोटो पाठवलेत. पात्याची लांबी ४५ सेंटिमीटर, मुठीपाशी जाडी ५ मिलिमीटर. सही नाही. मुठीत बसणाऱ्या भागाला दोन भोकं आहेत. एका बाजूला सरळ खड्गाला वेटोळं घातलेला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला ‘संस्कृतसारखं’ एक अक्षर आणि त्याखाली दोन समांतर आखूड खाचा. दुकानदार म्हणतो, पातं १६०० च्या आसपासचं आणि कोरीव कामही तेव्हाचंच, म्हणून किंमत चढी. तुम्ही विचारता: इतक्या कठीण पोलादावर हे कोरतात कसं, कोरल्यानं पातं कमजोर होत नाही का, आणि जास्तीचे पैसे द्यावेत का?

खरा प्रश्न तिसरा आहे, पण पहिल्या दोघांवाचून तो सुटत नाही. पात्यातून एकदा काढलेलं पोलाद परत भरता येत नाही. तेव्हा कोरीव पातं हातात आलं की मी एवढंच शोधत असतो की हे पोलाद कधी काढलं आणि कशासाठी काढलं. लोहारानं पातं घडवतानाच जागा ठरवून कोरलं असेल तर ते त्या पात्याचं अंग आहे. दोनशे वर्षांनी कुणीतरी उघडी पडलेली भेग झाकायला कोरलं असेल तर तो मुलामा आहे, मग ड्रॅगन कितीही देखणा असो. फोटोवरून ठाम निकाल देता येत नाही, पण काय पाहायचं ते नक्की सांगता येतं.

आधी कोरण्याची कृती. जपानी तलवारीला पाणी देताना सबंध पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सियसला तापवून पाण्यात बुडवलं की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन अतिशय कठीण बनते आणि जाड लेपाखालची बाकीची अंगलट हळू थंड होऊन त्या मानानं मऊ राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेषा दिसते ती हामोन. छिन्नी चालते ती हामोनच्या वरच्या, मऊ भागात. कठीण भागात तिचं टोक एकतर घसरतं नाहीतर तुटतं. म्हणजे ‘इतक्या कठीण पोलादावर’ कुणी कोरत नाही, मऊ पोलादावर कोरतात. यातूनच पहिली कसोटी निघते, तिच्याकडे पुढे येतो.

नक्षी पाणी देण्याआधी, पोलाद आणखी मऊ असताना का कोरत नाहीत? कारण पाण्यात बुडवताना जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेगानं आकसतात आणि छिन्नीनं पडलेल्या प्रत्येक टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होऊ शकते. शिवाय भट्टीत पापुद्रा धरून बारीक खवले बुजतात. लांब सरळ पन्हळीचं गणित थोडं निराळं. ती काही लोहार आधी कच्ची काढून नंतर साफ करतात, काही सगळीच नंतर काढतात. मूर्ती, ड्रॅगन आणि अक्षरं मात्र नंतरचीच.

पात्याला पाणी दिलं, लोहारानं स्वतः खडबडीत घासून भेगा तपासल्या की ते तोगिशीकडे, म्हणजे दगडांवर पातं घासणाऱ्याकडे जातं. तो पाया घालतो: पृष्ठभाग सपाट, कडा सरळ, पण शेवटची झळाळी नाही. कोरणाऱ्याच्या हाती पातं येतं ते या टप्प्यावर. आधी आलं तर पुढच्या घासकामात नक्षीची उंची बदलते, शेवटी आलं तर छिन्नीचा एक ठोका चुकला की झळाळलेल्या अंगावर ओरखडा. कोरणारा पातं लाकडी ठोकळ्यावर जराही हलणार नाही असं जखडतो, शाईनं आकृती काढतो आणि केसासारख्या बारीक छिन्नीनं बाह्यरेषा चिरून घेतो. छिन्नी जवळजवळ आडवी धरून छोट्या हातोडीनं टक-टक एकसारखे हलके ठोके देत पुढे सरकवतात. ठोका जड पडला की छिन्नी खोल रुतते आणि बाहेर काढताना कडेचा टवका उडतो. मग आकृतीभोवतीची जमीन खाली उतरवायची, वेटोळी कुठे वर आणि कुठे खाली जातात ते ठरवून उठाव आणायचा आणि सर्वांत शेवटी खवले, नखं, डोळा. जमीन साफ करायला दगडाचे टवके काडीला लावून किंवा घर्षणाची पूड वापरून घासतात. पन्हळीला ताशायला दोन मुठींची खरवड असते, तिचं नाव सेन. आणि शेवटी कठीण पोलादाच्या सळईनं दाबून घोटतात, त्यामुळे पन्हळीचा तळ आरशासारखा चमकतो.

एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. नाण्यावरचं चित्र पृष्ठभागाच्या वर उठलेलं असतं, तलवारीवरचं तसं नसतं. ते खड्ड्याच्या आत उठवलेलं असतं आणि त्याचा सर्वांत उंच भाग फार तर पात्याच्या पातळीला येतो. नाहीतर ते म्यानात घासलं असतं आणि तोगिशीचा दगड त्यावरून फिरलाच नसता. चौकटीसारखा खड्डा घेऊन आत आकृती उठवण्याचाही एक प्रकार आहे, आणि आरपार जाळीसारखं कोरण्याचाही, पण तो विरळा आणि मुख्यतः आखूड पात्यांवर.

खोलीला मर्यादा का, तेही इथेच सांगतो. पुष्कळ पात्यांत बाहेरून कडक पोलादाची कातडी आणि आत मऊ लोखंडाचा गाभा असतो. ही कातडी दोन्ही बाजूंना जेमतेम काही मिलिमीटर. कोरताना गाभा लागला तर तिथे निस्तेज, घडणीच्या रेषा नसलेला डाग दिसतो. म्हणून कोरायचं आधीच ठरलेलं असेल तर जाणता लोहार तिथे अंग जरा भरीव ठेवतो. मागाहून कोरणाऱ्याच्या वाट्याला घासून पातळ झालेलं पातं येतं.

आता कमजोरीचं. पन्हळ ‘रक्त वाहून जाण्यासाठी’ असते ही कथा आपल्याकडे फिरंगी तलवारींबद्दलही सांगतात. दोन्हीकडे ती खोटी. पन्हळ वजन कमी करते. हिशोब करून पाहा: ६० सेंटिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद आणि मध्ये दीड मिलिमीटर खोल अशी गोलसर पन्हळ घेतली तर तिचा छेद सुमारे ८ चौरस मिलिमीटर भरतो. घनफळ ४.८ घनसेंटिमीटर, म्हणजे पोलाद जवळपास ३८ ग्रॅम. दोन्ही बाजूंना मिळून ७५. सातशे ग्रॅमच्या पात्यात हा दहावा हिस्सा झाला, हातात लगेच जाणवतो. धारेकडून पाठीकडे जो ताण येतो त्याला पन्हळीमुळे फारसा फरक पडत नाही, कारण त्या दिशेला पात्याची रुंदी काम करते. आडव्या ताणाला मात्र पडतो. तिथे ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. ७ मिलिमीटरची जागा ४ वर आली तर त्या पट्टीत पाचव्या हिश्शाहून कमी उरते. पन्हळीचं पातं वाकड्या वारात लवकर वाकतं ते यामुळेच. ‘पन्हळीनं पातं मजबूत होतं’ असं कुणी सांगितलं तर ते वजनाच्या प्रमाणात आणि एकाच दिशेत खरं. छोट्या ड्रॅगनचा परिणाम याहून कमी, कारण तो मुठीजवळच्या जाड भागात असतो आणि सगळं पोलाद एका ओळीत काढलेलं नसतं.

तुमच्या पात्यावरच्या आकृत्या आपण वाचून घेऊ, कारण इथे मराठी वाचकाला जपानी संग्राहकापेक्षाही एक सोय आहे. खड्गाला वेटोळं घालून त्याचं टोक गिळणारा ड्रॅगन म्हणजे कुरिकारा. हा शब्द आपल्या ‘कुलिक’ नागराजाच्या नावावरून गेलेला. तो फुदो म्योओचं, म्हणजे अचलनाथ या बौद्ध देवतेचं रूप मानतात. अक्षराला तिकडे बोन्जी म्हणतात आणि ते संस्कृतसारखं नाही, संस्कृतच आहे, सिद्धम लिपीत. कूकाई हा भिक्षू चीनहून ८०६ मध्ये परतला तेव्हा त्यानं आणलेल्या मंत्रयानासोबत ही लिपी तिथे रुजली. प्रत्येक देवतेचं एक बीजाक्षर: अचलाचं ‘हां’, ज्याचा तिथला उच्चार ‘कान’, वैश्रवणाचं ‘वै’, अमिताभाचं ‘ह्रीः’. खालच्या दोन आखूड खाचा म्हणजे गोमाबाशी. ‘गोमा’ म्हणजे आपला होम, ‘हाशी’ म्हणजे जेवणाच्या काड्या. होमात वापरायच्या काड्यांची ती खूण. तुमच्या फोटोतलं अक्षर ‘हां’ असेल, म्हणजे ह, त्याचा काना आणि माथ्यावर अनुस्वार, तर दोन्ही बाजूंचा अर्थ जुळतो: एका अंगाला अचलाचं रूप, दुसऱ्याला त्याचं बीज आणि होम. जुन्या कामात असा मेळ बहुधा असतो. भलतंच अक्षर असेल किंवा अक्षराचा कुठलाही अवयव धड लागत नसेल, तर कोरणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. शतकानुशतकं नकलून अक्षरं बिघडलेली आहेत हे मान्य, पण बिघडलेल्या अक्षरातही बोरूच्या फटकाऱ्याची चाल कळते. आणखी एक: ही अक्षरं व्ही अक्षरासारख्या छेदानं कोरतात, दोन उतार मध्ये एका रेषेत मिळतात. तळ सपाट आणि भिंती उभ्या दिसल्या तर सावध व्हा.

हे सगळं बाराव्या-तेराव्या शतकापासून श्रद्धेचा भाग म्हणून आलं. साधी पन्हळ, सरळ खड्ग, बीजाक्षर, एवढंच. चौदाव्या शतकात सोशू प्रांतातल्या सादामुने, हिरोमित्सु, आकिहिरो या लोहारांच्या आणि क्योतोतल्या नोबुकुनीच्या हातून नक्षी भरीव झाली. १६०० च्या आगेमागे मात्र कोरीव काम हा स्वतंत्र शोभेचा विषय बनला. क्योतोतला उमेतादा म्योजु (१५५८–१६३१) तलवारही घडवी आणि कोरीही. एचिझेन प्रांतात सत्ताधारी तोकुगावा घराण्याच्या पदरी असलेल्या पहिल्या पिढीच्या यासुत्सुगु या लोहाराच्या पात्यांवर किनाई घराण्याचे कारागीर कोरत. पुढे कोतेत्सु आणि ओसाकाचा इक्कान्शी तादात्सुना या लोहारांनी स्वतःच कोरलं आणि मुठीतल्या सहीजवळ ‘कोरीव कामही त्याचंच’ अशा अर्थाची नोंद घातली. अलीकडे गास्सान सादाकाझु (१८३६–१९१८) यांनी ही कला जिवंत ठेवली. तुमच्या दुकानदारानं सांगितलेला १६०० चा काळ त्यामुळे अशक्य मुळीच नाही. उलट तो इतका सोयीचा आहे की बिनसहीचं, ड्रॅगनचं कुठलंही पातं ‘एचिझेन, १६००’ म्हणून विकलं जातं. सही आणि ती नोंद दोन्ही आहेत म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तादात्सुनाच्या ड्रॅगनला भाव आहे म्हणून त्याच्या सहीच्या नकलाही मुबलक आहेत.

आता मूळ मुद्दा. पहिली कसोटी हामोन. कोरीव काम हामोनला शिवतंय का, ते तिरप्या उजेडात पाहा. इथे एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘पातं घासून घासून अरुंद झालं, म्हणून धार ड्रॅगनजवळ आली.’ धार जवळ येते हे खरं. पण हामोनची वरची सीमा पोलादाच्या आतच ठरलेली असते. घासल्यानं पट्टा धारेकडून खाली कमी होतो, सीमा वर चढत नाही. म्हणून नक्षी आणि हामोनची सीमा यांतलं अंतर चारशे वर्षांनीही जवळपास तेवढंच राहतं. नक्षी सीमा ओलांडत असेल तर ती झीज नव्हे, बेतातली चूक आहे. आणि स्वतःच्या पात्याचा हामोन कुठे आहे हे ज्याला माहीत असतं तो सहसा अशी चूक करत नाही.

दुसरी कसोटी झिजेची. पातं दर वेळी पूर्ण घासलं की पृष्ठभाग किंचित खाली जातो. दगड लागतो तो पात्याच्या पातळीला आलेल्या भागाला: वेटोळ्याची पाठ, खड्गाचा कणा. खड्ड्यातल्या भागाला दगड पोचत नाही. म्हणून खऱ्या जुन्या नक्षीत वरचे खवले सपाट किंवा नाहीसे झालेले असतात आणि दोन वेटोळ्यांच्या मधल्या सांदीतले खवले अजून टोकदार असतात. भिंगातून (दहापट पुरेसं) हा फरक दिसला तर जमेची बाजू. सगळं वरपासून खालपर्यंत ताजंतवानं असेल आणि पातं मात्र थकलेलं असेल, म्हणजे गाभ्याचे निस्तेज डाग डोकावत असतील, धारेचा पट्टा अरुंद झाला असेल, तर ड्रॅगन पात्याहून तरुण आहे. सगळंच, अगदी सांदीतसुद्धा, सारखंच गुळगुळीत असेल तर कुणीतरी जुनेपणा आणण्यासाठी मुद्दाम घासलं आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: आकृती मुळातच पातळीच्या बरीच खाली कोरली असेल तर माथाही टोकदार राहू शकतो. मग खड्ड्याची कड पाहा. जुन्या कामाची कड दगडांनी किंचित गोलावलेली असते. आणि अगदी नवं म्हणजे गेल्या काही दशकांतलं पातं असेल तर ही कसोटी लागूच होत नाही. तिथे दोघांचं वय एकच.

तिसरी कसोटी तुमच्या बाबतीत सर्वांत बोलकी आहे: ती दोन भोकं. मूठ पक्की करणारी बांबूची खुंटी ज्या भोकातून जाते ते मूठ सुरू होते त्या खाचेपासून, माचीपासून, ठरावीक अंतराच्या आसपास असतं. पातं आखूड करताना टोक कापत नाहीत, मुठीकडून कापतात. माची वर सरकवतात आणि नवं भोक पाडतात. जुनं भोक खाली राहतं. म्हणजे दोन भोकांतलं अंतर हे बहुधा माची किती वर सरकली त्याचं माप. कोरीव काम सहसा माचीवरच्या धातूच्या पट्टीच्या, हाबाकीच्या, लगेच वर सुरू होतं. ही पट्टी साधारण अडीच-तीन सेंटिमीटरची. समजा तुमच्या भोकांत ५ सेंटिमीटर अंतर आहे. मूळचा ड्रॅगन जुन्या हाबाकीच्या लगेच वर असेल, तर आज त्याची शेपटी नव्या हाबाकीखाली, कदाचित मुठीतही गेलेली असायला हवी. तुमच्या फोटोत मात्र तो पूर्ण आहे आणि हाबाकीच्या बोटभर वर नेटका बसलाय. म्हणजे एकतर तो मुळात नेहमीपेक्षा बराच वर कोरला होता, नाहीतर पातं आखूड झाल्यावर कोरला. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

आखूड झालेल्या पात्यात मूळचा ड्रॅगन मुठीत जातो याचं सर्वांत सुंदर उदाहरण तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ओसाफुने इथल्या कागेमित्सु या लोहारानं १३२२ मध्ये घडवलेली ही ताची, म्हणजे लांब बाकदार तलवार, जपानची राष्ट्रीय ठेव आहे. तिच्यावरचा छोटा ड्रॅगन पातं आखूड झाल्यामुळे अर्धा मुठीत गेला आणि वरून डोकावतोय असं दिसू लागलं, म्हणून तिला ‘डोकावणारा ड्रॅगन’ असंच नाव पडलं. अर्धा लपलेला ड्रॅगन पाहून गिऱ्हाईक हिरमुसतं. जाणकाराला तोच भरवशाचा वाटतो.

दोन भोकं म्हणजे पातं आखूड झालंच असं मात्र नाही. जुनी मूठ मोडली आणि नव्या मुठीसाठी थोड्या अंतरावर दुसरं भोक पाडलं असंही होतं. तेव्हा दोन भोकांतलं अंतर जेमतेम एक सेंटिमीटर असेल तर वरचा तर्क सोडून द्या. मुठीतल्या भागावरच्या गंजाचा रंग पाहा. आखूड केलेल्या पात्यात नव्यानं मुठीत गेलेला वरचा पट्टा रंगानं उजळ आणि कानशीच्या रेघांनी निराळा दिसतो.

चौथी कसोटी जाडी. ५ मिलिमीटर हे फार नाही. दोन्ही अंगांना समोरासमोर दीड-दीड मिलिमीटर खोल कोरलं असेल तर मध्ये २ च उरतात. लोहार स्वतःच्या पात्याशी असं सहसा करत नाही. खोली मोजायला टोकदार लोखंडी साधन आत घालू नका. बांबूच्या काडीनं अंदाज घ्या, तोही दुकानदाराच्या परवानगीनं.

पाचवी कसोटी कारणाची. मागाहून केलेलं काम बहुतेक वेळा काहीतरी झाकतं: घडीचे थर नीट न जुळल्यानं पडलेली भेग, आत हवा राहून आलेला फोड, उघडा पडलेला गाभा. ड्रॅगनच्या टोकाकडून एखादी काळी रेघ बाहेर पात्यावर जाते का? गोमाबाशीची एक खाच दुसरीपेक्षा लांब किंवा विनाकारण रुंद आहे का? एकाच बाजूला, पात्याच्या मध्येच, एकटंच अक्षर आहे का? ‘हे इथेच का?’ या प्रश्नाला धर्माचं किंवा मांडणीचं उत्तर नसेल तर भेगेचं उत्तर शोधा.

मागाहून केलेलं म्हणजे टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. उमेतादांसारखी घराणी जुनी पाती आखूड करणं, त्यांना हाबाकी बसवणं, त्यावर सोन्याची अक्षरं भरणं अशी कामं नावाजून करत. त्यांच्यासारख्या हातानं सोळाव्या-सतराव्या शतकात जुन्या पात्यावर केलेलं काम स्वतःच मोलाचं आहे. फक्त ते ‘मूळचं’ म्हणून आणि त्या भावानं विकू नये.

सगळ्यात खालचा थर म्हणजे बाजारातला नवा नकली माल. तो ओळखायला तर्काची गरज नाही. सबंध पात्याच्या लांबीभर ड्रॅगन, सगळीकडे एकसारखी उथळ खोली, तळ तेजाबानं खाल्ल्यासारखा दाणेदार आणि हामोनही वरवर खरवडून काढलेला. तुमच्या फोटोत मला यातलं काही दिसत नाही. तुमचं पातं खरं जपानी आहे असंच मी धरून चाललोय.

जास्तीचे पैसे द्यावेत का? माझं मत: आज आहे त्या माहितीवर नाही. बिनकोरीव, त्याच दर्जाच्या पात्याचा भाव द्यायला हरकत नाही. दुकानदाराकडे निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या, जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. असल्यास तारीख पाहा. १९८२ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या कागदांवर मी एवढा विसंबत नाही. नसल्यास ‘प्रमाणपत्रासाठी पाठवून निकाल आल्यावर व्यवहार करू’ असं सुचवा. त्याला ते पटलं नाही तर तेही एक उत्तरच झालं.

जपानमधलं नोंदणीपत्र, तोरोकुशो, पात्यासोबत हवंच. त्यावर लांबी, बाक आणि भोकांची संख्या लिहिलेली असते. ‘भोकं: २’ आहे का ते ताडून पाहा, एकच लिहिलं असेल तर तो कागद दुसऱ्याच पात्याचा असू शकतो. देशाबाहेर नेताना तिथल्या सांस्कृतिक विभागाचा निर्यात दाखला लागतो आणि भारतात आणायचं तर शस्त्र कायदा आणि सीमाशुल्क यांची चौकशी आधी करा, विमानतळावर नव्हे.

घेतलंत तर निगा. नेहमीची पांढरी पूड, उचिको, नक्षीवर थापटू नका. ती दगडाचीच पूड आहे, सांदीत बसते आणि ओल धरते. नक्षीसाठी निर्जल अल्कोहोलनं ओलसर केलेला मऊ कापूस बांबूच्या काडीला गुंडाळून वापरा, मग लवंगेच्या वासाच्या त्या पातळ तेलाचा अगदी पुसट हात. खड्ड्यात तेल साचलं की चिकट होऊन धूळ धरतं आणि त्याखाली गंज सुरू होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी काढून पाहा, एरवी दोन-तीन महिन्यांनी चालेल. पितांबरी, ब्रासो, वाळूचा कागद यांतलं काहीही लावू नका. मुठीतल्या भागाचा गंज तर मुळीच काढू नका. तुमच्या त्या दोन भोकांची हकिगत त्या गंजातच लिहिलेली आहे.

पुढच्या खेपेला दुकानात गेलात तर चार फोटो घेऊन या: मूठ काढून पूर्ण नाकागो (मुठीत बसणारा भाग), दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, हाबाकी उतरवून ड्रॅगनची शेपटी, एकाच बल्बच्या तिरप्या उजेडात ड्रॅगनचं मधलं वेटोळं जवळून, आणि ते अक्षर समोरून. पहिल्या फोटोत दोन भोकांतलं अंतर मोजता आलं की अर्धं काम तिथेच होईल.